वस्तीतल्या घराचा पट्टा आणि घरकुलाचं अनुदान: नागपुरात फाइल कुठून सुरू करायची आणि ती कुठे अडते

नागपुरातल्या कुठल्याही झोपडपट्टीत घराचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, 'अडीच लाख कधी मिळणार?' प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटच्या पायरीचा आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधायला अनुदान मिळतं ते जागा स्वतःची असल्याचा कागद दाखवल्यावर. तो कागद म्हणजे पट्टा. पट्टा मिळतो मोजणी झाल्यावर, आणि मोजणीचा उपयोग होतो वस्तीखालची जमीन कोणाची हे ठरलेलं असल्यावर. म्हणून आधी जमीन, मग पुरावे, मग मोजणी, मग पट्टा आणि सगळ्यांत शेवटी घरकुल. घरकुलाचा अर्ज आधी भरून पट्ट्याची वाट बघत बसलेल्या कुटुंबांची वर्षं वाया जातात.

हे काम एकट्याने करू नका. एका घराची फाइल टेबलावर पडून राहते, गल्लीची फाइल हलते. प्रत्येक गल्लीतून दोन माणसं घ्या, त्यांत एक बाई असू द्या, आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एकाच ठिकाणी ठेवा.

जमीन कोणाची

'आमची वस्ती नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) आहे' किंवा 'ही कॉर्पोरेशनची जागा' हे ऐकीव उत्तर धरून चालू नका. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की तो नाकारलाही जात नाही, नुसता पडून राहतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जमिनीचा मालकी दाखवणारा उतारा, काढणं. त्यासाठी मौजा, शीट नंबर आणि नगर भूमापन क्रमांक लागतो. तो माहीत नसेल तर जवळच्या पक्क्या लेआउटमधल्या एखाद्या घरमालकाच्या आखीव पत्रिकेवरून शीट नंबर मिळतो आणि नगर भूमापन कार्यालयात तो नकाशा बघून आपल्या जागेचा क्रमांक काढता येतो. जिथे नगर भूमापन झालेलं नाही तिथे खसरा नंबर (जमिनीच्या तुकड्याचा महसुली क्रमांक) घेऊन पटवाऱ्याकडून सातबारा काढा. दोन्ही उतारे महाभूमीच्या संकेतस्थळावरही मिळतात, पण नकाशा स्वतः डोळ्यांनी बघायला कार्यालयात जावंच लागतं.

नकाशा बघणं गरजेचं आहे, कारण वस्तीचं नाव एक आणि खसरे तीन-चार असं नागपुरात सर्रास असतं. नाल्याकडच्या दोन गल्ल्या सरकारी, मधला भाग नासुप्रचा, रस्त्याकडची घरं खासगी मालकाच्या जागेवर. अशा वस्तीची एकच मागणी सगळ्यांसाठी केली तर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. खसऱ्याप्रमाणे घरांच्या वेगळ्या याद्या करा आणि वेगळे अर्ज द्या.

उताऱ्यावर कोणाचं नाव निघतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

महानगरपालिकेचं नाव असेल तर मनपाचा झोपडपट्टी विभाग आणि तुमचं झोन कार्यालय. मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. घर टॅक्सच्या पावतीवर तुमचा झोन लिहिलेला असतो. नागपूर सुधार प्रन्यासचं नाव असेल तर नासुप्रचं विभागीय कार्यालय. 'महाराष्ट्र शासन' किंवा 'नझूल' (शहरातली सरकारी जमीन) असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय. शासकीय जमिनीवरच्या घरांसाठी महसूल विभागाचा 17 नोव्हेंबर 2018 चा शासन निर्णय हा मुख्य आधार आहे. 1 जानेवारी 2011 पूर्वीची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करण्याची तरतूद त्यात आहे. अर्जात तारखेसह याच निर्णयाचा उल्लेख करा.

खासगी नाव निघालं तर पट्ट्याचा मार्ग लांबचा आहे. आधी ती वस्ती 1971 च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाखाली घोषित आहे का ते बघा, कारण त्या कायद्यात अशी जमीन संपादन करण्याची तरतूद आहे. मालकाने प्लॉट पाडून विकलेले असतील आणि तुमच्याकडे विक्रीचा कागद असेल, तर तो झोपडपट्टीचा विषयच नाही. तो गुंठेवारीचा आहे. तिथे 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली लेआउट नियमित करून आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, घ्यायचं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात बसतात. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक पट्ट्याच्या रांगेत उभे राहतात आणि आरएलची संधी हातची जाते.

रेल्वेची किंवा केंद्राच्या दुसऱ्या खात्याची जमीन असेल तर राज्याला किंवा मनपाला तिथे पट्टा देण्याचा अधिकारच नाही. तिथे पट्ट्याची आशा दाखवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पुनर्वसनाची, म्हणजे दुसऱ्या जागी घराची मागणी करा.

आणि विदर्भाचं खास दुखणं: झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत 86 हजार हेक्टरहून अधिक जमीन महसुली कागदांवर या नावाने आहे. प्रत्यक्षात तिच्यावर शाळा, दवाखाने, वस्त्या उभ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात ही जमीन वनजमीनच मानली, मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी जिचा वापर बदलला तिच्यासाठी राज्याने केंद्राकडे एकदाच मंजुरी मागावी अशी वाट ठेवली. तुमच्या उताऱ्यावर 'झुडपी जंगल' दिसलं तर मनपाच्या चकरा थांबवा. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा की हा खसरा राज्याच्या प्रस्तावात आहे की नाही, आणि सोबत 1996 पूर्वीपासून वस्ती असल्याचे पुरावे जोडा. इथे 2011 चा पुरावा पुरणार नाही. जुन्या मतदार याद्या, वस्तीतल्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, जुनी वीज जोडणी हेच कामी येतं.

शेवटी विकास आराखडा बघा. जागेवर रस्ता, उद्यान किंवा शाळेचं आरक्षण असेल तर ते बदलेपर्यंत पट्टा निघत नाही. नाग नदी, पिवळी नदी आणि मोठ्या नाल्यांच्या काठची घरं पूररेषेत येतात का हेही तपासा. 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात अंबाझरीच्या खालच्या भागात काय झालं ते शहराने पाहिलं आहे. तशा जागेवर पट्ट्यासाठी भांडण्यापेक्षा जवळच, त्याच शाळा आणि त्याच रोजगाराच्या अंतरात पर्यायी जागा मागणं कुटुंबाच्या हिताचं आहे.

पुरावे: तारीख महत्त्वाची

1 जानेवारी 2011 पूर्वी तुम्ही त्याच घरात राहत होता हे दाखवायचं आहे. आजचा आधार, आजचं राशन कार्ड हे ओळखीचे पुरावे झाले. त्यांनी ती तारीख सिद्ध होत नाही.

सगळ्यांत मजबूत पुरावा म्हणजे 2011 पूर्वीच्या मतदार यादीचा उतारा. तो निवडणूक शाखेतून प्रमाणित करून घ्या. त्यानंतर घर टॅक्सची जुनी पावती. पावत्या हरवल्या असतील तर इंडेक्स क्रमांक सांगून झोनमधून कर आकारणी कधीपासून आहे याचा उतारा मागा. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, वस्तीच्या पत्त्यासह, हेही चालतात.

वीजबिलाबाबत एक गोष्ट हमखास चुकते. घरात जपून ठेवलेली बिलं पुष्कळदा एसएनडीएल या खासगी वीज कंपनीची असतात. नागपूरच्या तीन विभागांत एसएनडीएलकडे वितरण आलं तेच मे 2011 मध्ये, आणि 2019 मध्ये ते पुन्हा महावितरणकडे गेलं. म्हणजे एसएनडीएलचं बिल कितीही जुनं असो, ते 1 जानेवारी 2011 नंतरचंच असणार. गठ्ठाभर जोडलं तरी उपयोग शून्य. त्याऐवजी बिलावरची 'पुरवठा दिनांक' बघा. ती 2011 पूर्वीची असेल तर चालू महिन्याचं बिलही बोलकं ठरतं. सोबत महावितरणकडून जोडणीच्या तारखेचं पत्र घ्या. पाणीबिलाचंही तसंच: ऑरेंज सिटी वॉटर 2012 मध्ये आली, त्यामुळे त्याआधीचं मनपाचं बिल किंवा नळजोडणीची पावती शोधा.

घर शंभरच्या स्टॅम्पवर, नोटरी करून विकत घेतलेलं असेल तर तेवढा कागद पुरत नाही. आधीच्या राहणाऱ्याचे 2011 पूर्वीचे पुरावे आणि त्याच्याकडून तुमच्यापर्यंत आलेली साखळी, दोन्ही हवं. विकणारा अजून ओळखीत असेल तर त्याच्याकडून कागद आजच घ्या. पट्टेवाटप सुरू झालं की तोच माणूस हक्क सांगायला येतो.

नावातला फरक हे फाइल अडण्याचं दुसरं मोठं कारण. मतदार यादीत 'सुमन रामाजी', आधारवर 'सुमनबाई', बँकेत माहेरचं आडनाव. आधार आणि बँक आधी एकसारखं करा. जुने कागद बदलता येत नाहीत, त्यांच्यासाठी ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. घर ज्याच्या नावाने होतं तो वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची संमती मोजणीपूर्वी तयार ठेवा. मोजणीनंतर भावाभावांत वाद निघाला की त्या घरावर यादीत 'वादग्रस्त' असा शेरा पडतो, आणि तो काढणं फार कठीण जातं.

मोजणीच्या दिवशी

मोजणीला नागपुरात पीटीएस सर्वे म्हणतात. एजन्सीची माणसं येतात, घराला नंबर टाकतात, लांबी-रुंदी घेतात. त्या वेळी घरातलं मोठं माणूस हजर हवं. दार बंद दिसलं तर 'बंद घर' अशी नोंद होते आणि पहिल्या यादीतून नाव जातं. मजुरीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी गल्लीच्या दोन माणसांनी आदल्या दिवशी तारीख कळवणं एवढं एक काम केलं तरी कितीतरी नावं वाचतात.

स्वतः टेप धरून माप घ्या आणि लिहून ठेवा. पुढचा ओटा, मागचं न्हाणीघर, जिन्याखालची जागा मापात धरली की नाही ते विचारा. सार्वजनिक रस्त्यावर आलेला ओटा धरला जाणार नाही, आणि तो धरावा म्हणून हट्टही करू नका, कारण त्यापायी गल्लीची रुंदी कमी दाखवली जाते आणि उद्या गडरलाइनला (सांडपाण्याच्या पाइपलाइनला) जागा उरत नाही. पुढच्या खोलीत किराणा दुकान असेल तर तशी नोंद होईल. नियमितीकरण राहत्या वापरासाठी आहे, म्हणून घर मुख्यतः राहण्याचं आहे हे नोंदीत स्पष्ट लिहून घ्या.

वरच्या मजल्यावर लग्न झालेला मुलगा वेगळा राहत असेल तर जमिनीचा पट्टा एकच निघतो. दोघांची नावं लावायची की कसं, हे घरात बसून आधी ठरवा.

कच्ची यादी आणि नकाशा लागला की हरकतीची मुदत असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेली दुरुस्ती यादीत कधीच उतरत नाही.

पट्टा: पैसे किती, कागद कोणता

शासकीय जमिनीबाबत 2018 च्या निर्णयाप्रमाणे अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांकडून कब्जेहक्काची रक्कम (जागेच्या हक्कासाठी भरायचे पैसे) घेतली जात नाही. इतरांना पहिले 500 चौरस फूट मोफत, 500 ते 1000 मधल्या क्षेत्रासाठी रेडी रेकनर दराच्या (सरकारने ठरवलेल्या जमीन-किमतीच्या) 10 टक्के आणि त्यावरच्या क्षेत्रासाठी 25 टक्के. 1500 चौरस फूट ही कमाल मर्यादा. तिच्यावरची जागा सोडावी लागते. जातीचा दाखला नसल्यामुळे सवलत हुकते, आणि दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी 1967 पूर्वीचा. ही जुळवाजुळव महिनोन्‌महिने चालते, म्हणून मोजणीची वाट न बघता सेतू केंद्रात अर्ज टाका.

पैसे भरायचे ते फक्त डिमांड नोट (कार्यालयाकडून आलेलं पैशांच्या मागणीचं पत्र) हातात आल्यावर, नोटवर लिहिलेल्या खात्यात. 'दहा हजार द्या, यादीत नाव टाकतो' म्हणणाऱ्याकडे यादीचा अधिकार नसतो.

पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने घ्या. पट्ट्यावर सही झाली म्हणजे काम संपलं असं समजून कागद ट्रंकेत ठेवणारे पुष्कळ आहेत. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि नोंदणीनंतर आखीव पत्रिकेवर नाव चढवण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. नोंदणी न झालेल्या पट्ट्यावर बँक कर्ज देत नाही. नोंदवण्यापूर्वी चतुःसीमा वाचा: पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला गल्ली की नाला. क्षेत्राच्या आकड्यात एक अंक चुकला तर दुरुस्तीपत्र करायला पुन्हा तोच सगळा फेरा.

आणि पट्टा म्हणजे भाडेपट्टा आहे. मुदत, नूतनीकरण, विक्रीवरची बंधनं त्यातच लिहिलेली असतात. सही करण्यापूर्वी ती पानं कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

घरकुल

प्रधानमंत्री आवास योजना शहरीचा दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 पासून सुरू झाला. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या घटकात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात. अटी थोडक्यात: वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत, पती, पत्नी किंवा अविवाहित मुलांच्या नावाने देशात कुठेही पक्कं घर नसावं, मागच्या 20 वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेत घर घेतलेलं नसावं, चटई क्षेत्र 30 ते 45 चौरस मीटर. घर घरातल्या बाईच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने. अनुसूचित जातीच्या कुटुंबांना रमाई आवास आणि अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना शबरी आवास हे वेगळे मार्ग आहेत, पण एका घराला एकच योजना मिळते.

मंजुरीपूर्वी जुनं घर पाडू नका. कच्च्या घराचा जागेवरचा फोटो आणि स्थान आधी नोंदलं जातं. पाया, लिंटेल, स्लॅब आणि पूर्णत्व अशा टप्प्यांवर पुन्हा फोटो निघतात आणि त्यांवर हप्ते सुटतात. घाईने पाडून पाया भरून ठेवला तर 'काम आधीच सुरू' म्हणून फाइल परत येते. मधल्या हप्त्याला उशीर होतोच, म्हणून स्लॅबपर्यंतची रक्कम हाती असल्याशिवाय ठेकेदाराशी पूर्ण कामाचा सौदा करू नका. 30 चौरस मीटर म्हणजे सुमारे 323 चौरस फुटांना, फुटाला 1500 रुपये धरले तरी पावणेपाच लाखांच्या वर जातात. वरचे सव्वादोन लाखांहून जास्त कुठून येणार हे पायाच्या आधी ठरायला हवं. बचत गटाचं कर्ज परवडतं, सावकाराचं नाही.

बांधकामात नागपूरच्या बहुतेक वस्त्यांचा शत्रू म्हणजे काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीला तिरपी भेग जाते. पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्या, मग तो तीन फुटांवर लागो की सहा. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू नका. मुरूम आणून सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून ठोका. जोत्याला चारी बाजूंनी सलग बीम घ्या. जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. पुढे सिमेंट रोड झाला की रस्ता चढतो आणि पावसाचं पाणी घरात येतं. म्हणून कमीत कमी दोन फूट. स्लॅब एप्रिल-मेमध्ये टाकला तर आळी करून किमान 14 दिवस पाणी साठवा. विदर्भाच्या उन्हात नुसत्या शिंपडण्याने काही होत नाही.

वस्तीच्या सोयींचा पैसा

पट्टा घराला मिळतो, गडरलाइन वस्तीला लागते. त्यासाठीचा पैसा वेगळ्या दारातून येतो. जकात आणि नंतर एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर मनपाचा मोठा आधार म्हणजे राज्याकडून दरमहा येणारं जीएसटी भरपाईचं अनुदान, आणि त्यातून पगार, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांची थकबाकी भागून उरेल ते कामांना. म्हणून मनपाच्या सर्वसाधारण निधीवर विसंबू नका. वस्तीसाठी राखलेल्या लेखाशीर्षाचं नाव घेऊन मागा: लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना, दलितेतर वस्ती सुधारणा, जिल्हा नियोजन समितीचा अनुसूचित जाती घटक. त्यासाठी वस्ती घोषित असल्याच्या अधिसूचनेची प्रत आणि अनुसूचित जातीच्या लोकसंख्येचा दाखला जोडा.

वेळ पाळा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत असलं तरी कामांची यादी हिवाळ्यातच भरते. दिवाळीपूर्वी झोनमध्ये मागणी द्या आणि कनिष्ठ अभियंत्याकडून प्राकलन (कामाच्या खर्चाचा अंदाज) करून घ्या. 'वस्तीत गडरलाइन पाहिजे' अशी मागणी प्राकलनाला चालत नाही. 'अमक्या घरापासून तमक्या चेंबरपर्यंत, 140 मीटर, 9 घरांमागे एक चेंबर' असं लिहा. प्राकलनानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश. यांपैकी कुठे अडलं आहे ते दर महिन्याला विचारा आणि तारीख लिहून ठेवा. काम झालं की मोजमाप पुस्तिकेतली लांबी स्वतः टेपने तपासा.

अडलं तर

माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पट्टा आणि गडरलाइन एकाच अर्जात टाकू नका. 'का दिलं नाही' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमक्या खसऱ्याच्या मोजणी नकाशाची प्रत, पात्र-अपात्र यादीची प्रत, अपात्र ठरवल्याच्या टिपणीची प्रत, फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदीची प्रत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं. अपात्रतेची टिपणी हाती आली की तिच्यात लिहिलेल्या नेमक्या त्रुटीचा कागद जोडून पुनर्विचाराचा अर्ज द्या. जुनाच सगळा गठ्ठा पुन्हा जोडला तर तपासणारा पहिल्या पानावरच थांबतो.